डाव्या हाताची रायफल

१६ ऑगस्ट २०२२, मंगळवार

नोकरी मिळाली! न्यूझीलंड! दक्षिण बेटावर, डोंगरातलं उजाड झालेलं जंगल परत उभं करायचं काम. ग्रॅहम – तिथला होणारा बॉस – कॉलवर म्हणाला, "दोहाच्या उन्हात तुम्ही गवत जगवलंत, इथे झाडं लावणं तुम्हाला काहीच नाही. अडचण फक्त हरणांची." मला वाटलं गंमत करतोय. हसले. तो हसला नाही.

करारपत्र वाचल्यावर कळलं. रोपं लावायची आणि रोपं खाणारी हरणं मारायची. पथकातल्या प्रत्येकाने. तिथली लाल हरणं मूळची तिथली नव्हेतच, गोऱ्यांनी आणून सोडलेली. कोवळं दिसेल ते फस्त करतात. म्हणून शिकारीला बंदी नाही, उलट मारा म्हणतात. काडतुसं ते देणार. रायफल आपली, परवाना आपला.

मी! हरणं!

अनयला आधी नोकरीचं सांगितलं. "छान," म्हणाला. मग रायफलचं सांगितलं. तर एवढंच – "घरात बंदूक नको, शैला."

नको म्हणून कसं चालेल? स्टेडियमं बांधून झाली तसं जुलैत त्याच्या कंपनीने त्याला मोकळं केलं. माझं मैदानांच्या गवताचं काम फुटबॉल वर्ल्ड कपपर्यंत. जानेवारीत आपण कुठे असणार, हे तो सांगतो का मला? नाही. फक्त "नको".

१९ ऑगस्ट

शुक्रवार. दिवसभर रायफली वाचल्या. डोकं गरगरतंय. प्रत्येक जण आपापल्या कॅलिबरच्या, म्हणजे गोळीच्या मापाच्या, प्रेमात. टू-फोर्टी-थ्री म्हणजे गोळी हलकी, धक्का कमी, माझ्यासारख्या पाच फुटी बाईला बरी. पण मोठ्या नराला कमी पडते म्हणतात, वाऱ्याने गोळी सरकते. थ्री-ओ-एट म्हणजे कुठल्याही दुकानात काडतुसं मिळणार, तीही स्वस्त. पण खांद्याला हिसका. सेव्हन-एमएम-ओ-एट दोघांच्या मधली, पण काडतुसं शोधत फिरा!

आणि मी डावखुरी. बहुतेक रायफलींची काडतूस आत सरकवायची खटकी उजवीकडे. डाव्या हाताच्या मोजक्याच, आणि त्या महाग.

ओवीने स्क्रीनवर डोकावून पाहिलं. "आई, आर यू गोइंग टू बी अ स्नायपर?" अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतच.

२४ ऑगस्ट

वडिलांना, आप्पांना, फोन केला. दापोलीजवळच्या आमच्या गावात त्यांच्याकडे अजून ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. डुकरं भातात शिरली की आवाज काढायला. मला वाटलं ओरडतील. ते खूशच!

"नंबराचं काय घेऊन बसलीस गो बाय? खांद्याला लाव नि बघ. मान न वाकवता डोळा सरळ गेला पायजे. नाय गेला तर ती तुझी नव्हं."

मग रानातल्या छोट्या हरणांवर आले, "भेकरावर मी कधी उचलली नाय. तुला जमंल?"

माहीत नाही म्हटलं.

"मग आधी ते बघ. बंदूक नंतर."

८ सप्टेंबर

कतारा, दोहातलं सांस्कृतिक संकुल. ससाणे आणि शिकारीच्या सामानाचं प्रदर्शन भरलंय. सिताराला घेऊन गेले – रोपवाटिकेतली माझी जोडीदार, हैदराबादची. ती ससाणे बघायला, मी रायफली.

काय ती गर्दी! बापे पांढऱ्या पायघोळ अंगरख्यात, ससाण्यांच्या डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. स्टॉलवरचा माणूस लेबनीज होता, इथे राहून हिंदी शिकलेला. मी रायफल बघू का म्हटल्यावर त्याने माझ्यामागे नवरा शोधला. सितारा म्हणाली, "भाईसाब, शोहर को क्या ढूँढ रहे हो? चलानी इनको है." मग हसला बिचारा. इथे विकत मिळणार नाही, कतारींना परवान्यावरच, पण हातात घ्यायला हरकत नव्हती.

घेतली. थंड. वाटली होती त्याहून जड. खांद्याला लावली – मान वाकडी! खांद्याला टेकवायचा दस्ता माझ्या हाताला लांब होता. आप्पांचं म्हणणं तिथल्या तिथे पटलं. खटकी ओढायला डावा हात वरून पलीकडे न्यावा लागत होता आणि तेवढ्यात निशाण हलत होतं. हरीण काय माझी वाट बघत थांबणार?

त्याने मग आखूड दस्त्याची एक दिली, बायकामुलांसाठी असते ती. ही नीट बसली! डोळा आपोआप वर बसवलेल्या दुर्बिणीच्या मध्ये. दुर्बिणीतून समोरच्या भिंतीवरच्या चित्रातला काळवीट दिसला. त्याचा डोळा. मी रायफल खाली ठेवली.

त्याआधी सिताराने माझा फोटो काढून घेतला होता.

९ सप्टेंबर

सिताराने काढलेला फोटो अनयला दाखवला. न बघता फोन परत दिला.

१७ सप्टेंबर

भांडण.

जुनं विमानतळ वर्ल्ड कपसाठी परत सुरू झालंय, त्यामुळे आमच्या अल हिलालच्या घरावरून विमानं. त्या आवाजात भांडायचं म्हणजे मध्येच थांबावं लागतं – हसू आलं असतं, एरवी.

मी म्हणाले, "नाशिकला आईंना काय सांगायचं याची लाज वाटतेय तुला. सून हरणं मारते म्हणून."

"मला हरणांचं काही नाही, शैला."

"मग कशाचं आहे?"

विमान गेलं. तो उठून बाल्कनीत गेला. चाळीस अंशांत! तासभर तिथे. मी दार उघडून 'आत ये' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. माझाही राग होताच.

लग्नाआधी सासूबाईंनी विचारलं होतं, "तुमच्याकडे मासे रोज असतात का?" तेव्हा हाच माणूस म्हणाला होता, "आई, मी त्यांच्याकडे जाऊन खातो." आता काय झालं याला?

२८ सप्टेंबर

ग्रॅहमशी बोलणं झालं. गोऱ्या माणसाला मी सरळच विचारलं – खिशाला परवडेल अशी, डावखुऱ्या बुटक्या बाईला कुठली? तो खूश झाला. अर्धा तास बोलला. काडतुसं थ्री-ओ-एटची मिळतील, प्रकल्पात सगळ्यांकडे तीच. म्हणून तीच घे. धक्क्याला भिऊ नकोस. नळीला आवाज दाबणारा सायलेन्सर तिथे सर्रास लावतात, त्याने हिसकाही कमी होतो. दस्ता कापून आखूड करता येतो, सुतारच करून देतो. रायफल जुनी चालेल, दुर्बीण मात्र स्वस्तातली घेऊ नकोस. पहाटे धुक्यात आत नुसतं दूध दिसतं.

"आणि जवळ जा," म्हणाला. "अजून जवळ. खात्री नसेल तर परत ये. हरीण जखमी करून सोडलंस तर मी तुला माणूस म्हणणार नाही."

हे आवडलं मला. कामाचं बोलतो.

म्हणजे थ्री-ओ-एट. ठरलं!

३ ऑक्टोबर

नाही ठरलं. धक्क्याचे व्हिडिओ पाहिले. एका बाईच्या भुवईवर दुर्बीण आदळून खोक पडलेली. टू-फोर्टी-थ्रीच घ्यावी का? काडतुसं विकत घेऊ.

१२ ऑक्टोबर

मैदानं हिवाळी गवताची झालीत. बी इतकं दाट आलंय की हात फिरवावासा वाटतो. सकाळी नर्सरीत एका पट्ट्यावर लावे पक्षी येऊन बसले, कोवळं टोचत होते. मी हाकलायला धावले. शिव्या दिल्या! सितारा बघत उभी. "परिंदों से इतना ग़ुस्सा? फिर हिरन तो मार ही लेगी."

ती गंमतीत बोलली. मी दिवसभर तेच घोळवत राहिले. मला राग येतो हे खरं. लावलेलं कुणी खाल्लं की येतो. पण रागाने मारायचं नाहीये. काम म्हणून मारायचं, नीट, एका गोळीत, मग त्याचं पोट फाडायचं, मांस खांद्यावर घेऊन उतरायचं. तिथले लोक ते खातात, वाया घालवत नाहीत. व्हिडिओत पूर्ण पाहिलं आज. डोळे मिटले नाहीत. नंतर जेवले पण.

आप्पांना कळवलं – जमेल.

आणि थ्री-ओ-एटच. खलास! आता बदल नाही.

२४ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

महाराष्ट्र मंडळाचा फराळ, अबू हमूरला एकांकडे. अनय आला नाही. "तुम्ही जा." दाढी वाढलीय. बॅडमिंटन कधी बंद केलं यानं? मला आठवत नाही, म्हणजे मी बघतच नव्हते. सगळ्यांना सांगितलं, सर्दी झालीय.

घरी आले तर दिवे लावून बसला होता, एकटाच. मी आत आल्याआल्या म्हणाला, "बंदूक ठेवतात कुठे? तिथे?"

मला इतकं बरं वाटलं! सांगितलं – लोखंडी कपाट, भिंतीला ठोकलेलं, परवाना द्यायच्या आधी येऊन तपासतात. काडतुसं वेगळी, दुसऱ्या कुलपात.

"किल्ली?"

"माझ्याकडेच. परवाना नसलेल्या माणसाला द्यायचीच नाही, कायदा आहे तसा."

"मलाही नाही?"

"तुलाही नाही."

"सांगूही नकोस कुठे ठेवतेस ते," म्हणाला. "कधीच."

किती समजून घेतलं त्यानं! उगाच महिनाभर रुसले. करंजी दिली, अर्धी खाल्ली.

१ नोव्हेंबर

शाळा आजपासून अर्धा दिवस, अठरापासून तर वर्ल्ड कप संपेपर्यंत बंदच! सगळीकडे झेंडे, रस्ते वळवलेले, नर्सरीला पोचायला दुप्पट वेळ. ओवी दुपारपासून घरी, बाबाबरोबर. संध्याकाळी मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, बाबा इज नॉट इव्हन वॉचिंग. ही जस्ट कीप्स द टीव्ही ऑन."

कंटाळला असेल म्हटलं. नोकरी शोधून शोधून माणूस कंटाळतोच.

८ नोव्हेंबर

माझी परवान्याची मुलाखत झाली, व्हिडिओवर. तिथल्या पोलिसांकडच्या बाई नम्र, पण सोडत नव्हत्या. दारू पिता का? राग आला की काय करता? कधी निराशेची औषधं घेतलीत का? बंदूक कशाला हवी? मी पक्ष्यांना शिव्या देते तेही सांगितलं. हसल्या. तिकडे पोचले की लेखी परीक्षा, कपाट तपासणी, मग परवाना.

आता नवऱ्याशी बोलणार. नियमच आहे – जवळच्या माणसाला विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत. तो खोडा घालणार नाही ना? अनयला म्हटलं, "बाबा रे, वाकडं काही सांगू नकोस. लाव्यांचं सांगितलं तेवढं पुरे." "खरं तेच सांगेन," म्हणाला. मला जरा लागलं. खरं म्हणजे काय? मी रागीट आहे हे?

१३ नोव्हेंबर

मिळाली!!! ग्रॅहमच्या गावातल्या दुकानात एका म्हाताऱ्या डावखुऱ्याची आलीय. थ्री-ओ-एट, खटकी डावीकडे, जुनी पण नळी स्वच्छ. ग्रॅहम स्वतः बघून आला. दस्त्यावर ओरखडे आहेत म्हणून कमीत देतोय, सायलेन्सरसकट. परवाना हातात येईपर्यंत दुकानातच ठेवणार. दुर्बीण मी वेगळी घेईन, चांगली. थोडी रक्कम भरून टाकली. फोटो दिवसातून दहादा बघते.

अनयला दाखवला. या वेळी बघितला. खूप वेळ. मग म्हणाला, "चांगली आहे. तुला शोभेल."

मग रडवेला का झाला?

१६ नोव्हेंबर

उद्या सकाळी त्याची मुलाखत. दोनदा विचारलं काय सांगणार. "सांगेन गं." काम सुधरत नाही. पाण्याचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला माझ्याकडून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चार दिवसांवर पहिली मॅच!

१७ नोव्हेंबर, गुरुवार

दार लावून बोलला. मी बाहेर उभी, नखं खात. आला तेव्हा शर्ट घामाने भिजलेला. म्हणाला, "तिला परवाना द्या म्हटलं, तिच्याइतकं सांभाळून कुणी वागत नाही. फक्त मी ज्या घरात आहे तिथे बंदूक ठेवू देऊ नका, एवढं सांगितलं." मला कळेना. "जुलैपासून, शैला. रोज वाटतं की आपण नसावं. तुला कसं सांगू कळत नव्हतं. त्या बाईंनी विचारलं, घरात आणखी कोण आहे, त्यांची काळजी वाटते का. कुणीतरी विचारलं, म्हणून बोललो."

रायफल दुसऱ्याला द्यायला ग्रॅहमला कळवलं. ओवीला सिताराकडे सोडलं. हे दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. आमचं नाव अजून पुकारलं नाही. उजव्या हाताने त्याचा हात धरलाय, तो सोडवून घेत नाहीये.