सीलच्या तोंडातलं पाणी

गुरुजी, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण माझा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. मी तुमच्या चौथीतली, भिंतीकडच्या रांगेत शेवटी बसणारी, खाटकाची मुलगी. नाशकात प्रभातफेऱ्या निघायच्या ते दिवस. फेरीत माणसं सगळी एक असल्याचं म्हणत आणि वर्गात माझ्या शेजारची जागा रिकामी असे.

त्या दिवशी भूगोलाचा तास आहे. तुम्ही बर्फातल्या एस्किमोंबद्दल वाचून दाखवता आहात. शिकारी बर्फातल्या भोकापाशी तासन् तास न हलता उभा राहतो, सील मिळाला की त्याचं मांस अख्ख्या वस्तीत वाटतो. इथवर वर्ग गप्प. मग तुम्ही वाचलंत, की वाटण्याआधी तो मेलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालतो, कारण बिचारा जन्मभर खाऱ्या समुद्रात तहानलेला असतो. मुलं खो खो हसली. तुम्हीही हसलात. "मेलेल्याला पाणी पाजतात! कच्चं मांस खाणारे, रानटी ते रानटीच!"

मी उठले. आमचे अब्बा बकऱ्यापुढे आधी पाण्याचं घमेलं ठेवायचे आणि त्याचं पिऊन होईपर्यंत सुरीला हात लावायचे नाहीत. "प्यासं जनावर कापायचं नाय बेटी, गुनाह लागतो," म्हणायचे. ते मी वर्गात सांगितलं. कुणीतरी नाक दाबलं. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गुरुजी, तुमच्यातही माणूस गेला की तोंडात गोदेचं पाणी घालतात. मग ते कोण?"

चार छड्या बसल्या, उजव्या तळहातावर. "माफी माग, तोवर व्हरांड्यात बस."

घरी अब्बा म्हणाले, "माग ना माफी. शाळा सुटंल तुझी."

"मी खोटं काय बोलले?"

सकाळी त्यांनी मला एक धुतलेलं पोतं घडी करून दिलं, बसायला. वर्षभर त्या पोत्यावर बसून, खिडकीतून तुमचा आवाज ऐकत मी चौथी पास झाले. माफी मागितली नाही, आजही मागत नाही. पुढे मीच मास्तरीण झाले. ते लोक स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे माणसं, हे मी वाचलं आणि माझ्या प्रत्येक वर्गाला सांगितलं. माझ्या वर्गात त्या पाण्याला कुणी हसलं नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. तुमच्या शेवटच्या आजारात मी भेटायला आले होते. तुमचा पुतण्या शेजारी औषध आणायला गेला होता, घरात आपण दोघंच. तुम्ही मला ओळखलं नाहीत. "पाणी," म्हणालात. तांब्या हाताशी होता. मी पुतण्याला बोलवायला गेले, आणि तो येईपर्यंत तुम्ही गेला होतात. माझ्या हातचं पाणी तुम्हाला चाललं नसतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. अब्बांनासुद्धा तेच सांगितलं. ते खोटं आहे, गुरुजी. चालेल की नाही, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तांब्याकडे हात नेला, तो उजवा होता. मला छडी आठवली आणि मी तो मागे घेतला.