लंडन ते मंठाळ, फक्त नऊ तास

मंठाळ, ता. ४ एप्रिल १९८३

चि. नरहर यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. लंडन ते मुंबई साडेचार हजार मैल आणि नऊ तास, हे तू तीनदा लिहिलंस, म्हणून मीही ते आईला तीनदा वाचून दाखवलं. आता ती गल्लीभर सांगायलीय की तिचा लेक लातूरच्या व्याह्यांच्या आधी पोचतो.

सुलभाचं लग्न एक मेला, गोरज मुहूर्तावर आहे. तू तिचा एकुलता मामा. अंतरपाटामागे तिला धरून तूच उभा राहणार, दुसरा कुणी चालायचा न्हाई, असं तिनं बजावलंय. विमान मंठाळला उतरत नाही. बसवकल्याणच्या पुढे रस्ता आहे असं सरकार म्हणतं. तेव्हा दोन दिवस आधी नीघ.

माझी माया तुझ्यावर आहेच, तिला तिकीट लागत नाही.
अक्का

लंडन, ता. १६ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझी काळजी बैलगाडीच्या काळातली आहे. एक तारखेला सकाळी मुंबई, दुपारच्या विमानानं हैदराबाद, तिथून टॅक्सी. दिवेलागणीआधी मांडवात हजर. दोन दिवस आधी येऊन काय तोरणाची पानं मोजत बसू? इथं रजा झाडाला लागत नाही. उद्धवराव भावजींना नमस्कार.

राग कमी, लोभ जास्त ठेवावा.
नरहर

मुंबई विमानतळ, ता. १ मे

ती. अक्कास शि. सा. न.

हैदराबादचं विमान रद्द झालं. तार केली आहे. रेल्वेनं उद्या पोचलो असतो, पण मंगळवारी कामावर हजर व्हायचं आहे, म्हणून आजच परत निघतोय. लंडनहून मात्र बरोबर नऊ तासांतच आलो. सुलभाची समजूत घाल.

नरहर

मंठाळ, ता. ९ मे

चि. नरहर यास आशीर्वाद.

तुझी तार मंगळवारी मिळाली. बहुधा तीही हैदराबादच्याच विमानानं निघाली असावी.

लग्नाच्या संध्याकाळी सगळं वऱ्हाड रस्त्याकडे डोळे लावून बसलं होतं. गुरुजी घाई करू लागले आणि सुलभा पाटावर उभी राहीना. आई मागच्या खोलीत होती. अप्पा गेल्यापासून ती कुणाच्याच लग्नात मांडवात येत नाही, दाराआडूनच अक्षता टाकते. ती उठली, सरळ मांडवात आली आणि नातीचे खांदे धरून उभी राहिली. लातूरच्या बायका कुजबुजल्या. त्यावर आई म्हणाली की लेकाच्या जागी मायनं न्हाई उभारायचं तर कुणी, आन् माझ्याकडं कामून बघायलाव, मंगलाष्टकं म्हणा. गुरुजींनी मुकाट्यानं सुरुवात केली. मला रडू आवरेना.

मागच्या खोलीतून मांडवात यायला आईला अकरा वर्षं लागली, नरहर. तू वेळेवर आला असतास, तर ती अजून दाराआडच उभी असती. तेवढ्यासाठी तुझे आभार.

कळावे,
अक्का