संकल्पात सांगितलेलं ठिकाण

बऱ्हाणपूर, मंगळवार

चि. भूपेंद्र यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सारे बरे आहेत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. निंबोल्याच्या शेतात केळीची कापणी चालू आहे.

फोनवर बोलायची लाज वाटते, म्हणून लिहिते. समुद्रातल्या तेलविहिरींच्या पहाऱ्यावर तटरक्षक दलाची तुझी बोट कधी निघणार, हे तू मला एकटीला सांगितलं होतंस. मी तुझ्यासाठी देवळात अभिषेक केला. गुरुजी म्हणाले, "ताई, भाऊ जाणार ते ठिकाण अन् दिवस बोला, त्याशिवाय संकल्प पुरा होत नाही." मी बोटीच्या नावासकट सगळं माइकवर बोलले. शेजारच्या रुपालीने व्हिडिओ काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो पुढे फिरला. काल तुझी बायको ज्योत्स्ना फोनवर रडत सांगत होती, की तो बघून तुझ्या साहेबांनी तुला जाब विचारला.

मी घरोघरी जाऊन तो काढायला लावला. समोरच्या रंभाबाई म्हणाल्या, "देवालाच सांगितलं ना, चोराला थोडंच?" मी त्यांच्याही फोनमधून तो काढायला लावला. बोटीवर तुझ्यासोबत आणखी किती आयांची लेकरं आहेत, तेच डोळ्यांपुढे येत होतं.

साहेबांना सांग, चूक बहिणीची आहे. तुला बोटीवरून उतरवलं का रे? की बोट निघाली? नको, यातलं काहीच लिहू नकोस. नुसतं बरा आहे एवढं कळव.

तुझी चुकलेली ताई,
सुनंदा