प्रमाणपत्राचा पहिला नकार

दोहा, मंगळवार

माननीय हम्मादीमामांना भाचा नूफेल याचा दोन्ही हात छातीशी नेऊन सलाम, आणि मामीच्या कपाळाला मुका.

आधी गुडघ्याची चौकशी करतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही ताडकन उठणार आणि तेव्हा तो दुखणार. म्हणून बसूनच ऐका. मी सुखरूप आहे. जेवण बरं आहे, म्हणजे भात आहे. हरिसाच्या तिखट लाल चटणीची बरणी रिकामी होऊन जमाना झाला, पण ती फेकली नाही. झाकण उघडून नुसता वास घेतो. मामी, हे पत्र तूच वाचून दाखव. कॉफीवाल्या लम्जदच्या हातात देऊ नकोस, तो मधे मधे आपल्या मनची वाक्यं घालतो आणि मग ती माझ्या नावावर फिरतात.

मामा, परवा फोनवर तुम्ही एकच विचारलंत, "मी चोर आहे असं तिथं कुणी लिहिलं?" आणि फोन ठेवलात. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र. झालं असं, की फ्रान्समधल्या लिऑनच्या सईदाबाईंनी मुलीच्या लग्नाची रेशमी ओढणी निवडायला तुमच्या दुकानाचं इंटरनेटवरचं पान उघडलं (हे पान मी इथं बसून, तुम्हाला न विचारता बनवलं होतं, ते का ते पुढे येईल), तर समोर लालभडक पाटी. हे ठिकाण सुरक्षित नाही, इथं तुमची माहिती चोरली जाऊ शकते. बाईंनी आपल्या महदियातल्या बहिणीला फोन केला, बहीण लम्जदच्या दुकानावरून गेली, आणि दुपारच्या कॉफीपर्यंत अख्ख्या चौकाला कळलं की चाळीस वर्षं माग चालवणारा हम्मादी लोकांना लुबाडतो. कुणीही लिहिलेलं नाही, मामा. पाटी आपोआप लागते, आणि ती लागायला कारण मी.

पूर्वी विणकरांचा मुखिया, अमीन, कापडाच्या टोकाला शिक्का मारायचा ना, तसंच इथं आहे. इंटरनेटवरच्या दुकानाला एक प्रमाणपत्र लागतं, की हे दुकान खरंच त्याच माणसाचं आहे. एक संस्था ते फुकट देते. तीन महिने चालतं, मग पुन्हा मागायचं. आपलं गेल्या गुरुवारी संपलं, ऐन लग्नसराईत. मी मागितलं. दिलं म्हणाले. पान उघडलं तर लालच. वाटलं, वाटेत कुठं पडलं असेल. पुन्हा मागितलं. दिलं म्हणाले. लालच. असं पाच वेळा. (दर वेळी आधीचं पुसून टाकत होतो, त्याच्या किल्लीसकट, म्हणजे ते परत वापरायची सोयच नाही. पसारा करतो म्हणून मामी लहानपणापासून बोलते, नेमकी त्याच दिवशी तिची आठवण झाली.) खरं म्हणजे पाचही वेळा ते नीट पोचलं होतं. ज्यावर पान ठेवलंय तो आमचा संगणक जुनंच प्रमाणपत्र खिशात घालून बसला होता. त्याला एकदा झोपवून उठवलं असतं तर त्यानं नवं घेतलं असतं. म्हणजे मी बाजारातून पाच नवी कुलपं आणली, एकही दाराला लावलं नाही, आणि दार उघडं का म्हणून डोकं आपटत बसलो.

सहाव्यांदा उत्तर आलं, नाही. या नावाला या आठवड्यात पाच दिली आहेत, अमुक तारखेनंतर या.

आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात 'नाही' म्हणजे काय असतं? मामी मासळीच्या कुसकुसचा डाव घेऊन पुढं येते, पाहुणा छातीवर हात ठेवून नाही म्हणतो. दुसऱ्यांदा नाही म्हणतो, पण जरा हळू. तिसऱ्यांदा ताटली स्वतःच पुढं सरकवतो. पहिल्याच नकारावर डाव मागं नेणाऱ्या बाईबद्दल लोक काय बोलतात, ते मामीला विचारा. मी त्या घरात वाढलेला. मला वाटलं, संस्था सभ्य आहे, उगाच भीड धरते. मी आग्रह धरला. थोडं थांबून विचारलं, मी काम करतो त्या दुरुस्तीच्या दुकानातल्या दुसऱ्या संगणकावरून विचारलं, मालकाचा मोबाइल मागून त्यावरून विचारलं. दर वेळी तेच उत्तर, अक्षर न अक्षर तेच.

माझ्या शेजारच्या टेबलावर मोबाइलच्या काचा बदलणारा तय्यब नावाचा सुदानी आहे. तो बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "भाऊ, ते यंत्र आहे, तुझी मामी नाही. ते नाही म्हणतं तेव्हा त्याला नाहीच म्हणायचं असतं."

मी म्हटलं, "मग इतक्या अदबीनं तारीख कशाला सांगतं?"

"कारण तुझ्यासारखे रोज येतात."

तो हसला, मी पण हसलो, आणि पेचकस उचलला तर तुमचं 'नाही' आठवलं. मामा, दोन वर्षांपूर्वी ईद झाल्यावर मी तुमच्याकडे एक गोष्ट मागितली होती. दुकानाच्या पाटीवर तुमच्या नावाखाली माझं नाव. तुम्ही धोट्यावरची नजर न काढता म्हणालात, "नाही. तुझा पाय मागाच्या पावडीवर टिकत नाही." ते खोटं नव्हतं. शाळा सहावीत सोडली, मासेमारीची होडी चार महिन्यांत, बेकरी तर पहिल्याच रमजानात. पण त्या दिवशी ते 'नाही' मी जसंच्या तसं उचललं आणि सकाळी लुआजच्या, त्या वाटणीच्या टॅक्सीच्या, तळावर जाऊन बसलो. तुम्ही हरिसाची बरणी घेऊन आलात. आठ माणसं भरल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि आम्ही सात होतो. आठवा माणूस येईपर्यंत पाऊण तास तुम्ही त्या तापलेल्या डांबरावर उभे होतात. "पाणी घेतलंस?" विचारलंत. मी म्हटलं, घेतलं. बस्स. ट्यूनिस येईपर्यंत मी मनात म्हणत होतो, मी खरंच जातोय ना हे बघायला आला म्हातारा. (मामी, हा शब्द वाचू नकोस.)

तेवढ्यासाठी तसला गुडघा घेऊन कुणी पाऊण तास उभं राहत नाही, हे मला दोन वर्षांनी, एका यंत्रानं झिडकारल्यावर कळलं. यंत्राला मी दिवसभर विचारत राहिलो, तुम्हाला एकदा. हे इंटरनेटवरचं दुकानसुद्धा त्याच लाजेपोटी मांडलं. तोंडानं विचारायचं धैर्य नव्हतं म्हणून तुमचं रेशीम लांबवर पोचवून दाखवायचं होतं. पोचवलं ते असं.

कालपासून पान पुन्हा पांढरं आहे, लम्जदला मुद्दाम दाखवा. सईदाबाईंनी मात्र ओढणी दुसऱ्या विणकराकडून घेतली. ती परत आणता येत नाही. त्या घरच्या लग्नात तुमच्या हातचं रेशीम नसेल, हे माझ्या खाती. मामीच्या दुव्यात मला ठेवा, आणि तुमच्या रागात जितके कमी दिवस ठेवता येईल तितके.

तुमच्या बहिणीचा मुलगा,
नूफेल

ता. क. आठवडा संपायच्या आत पान पांढरं कसं झालं, हे तुम्ही विचारणारच. तय्यबनं सांगितलं की आठवड्याला पाचाची हद्द प्रमाणपत्रावरच्या त्याच त्या नावांच्या यादीला असते. यादीत आणखी एक नाव घातलं की ती नवी यादी. दुसरं नाव चटकन सुचेना, म्हणून माझं घातलं. तेव्हा आता प्रमाणपत्रावर दोन नावं आहेत, वर तुमचं, खाली माझं. यंत्रानं पहिल्याच मागणीला हो म्हटलं. दुसरं नाव सुचत नव्हतं हे खोटं आहे.

आणखी एक. प्रमाणपत्रावरचं नाव काढायला वेळ लागत नाही, सांगाल तर काढतो (आणि संगणकाला झोपवून उठवतोही). पण मी प्रमाणपत्राचं विचारत नाहीये, पाटीचं विचारतोय. दुसऱ्यांदा. तुम्ही खुशाल नाही म्हणा. इथला करार ऑक्टोबरात संपतोय. तिसऱ्यांदा विचारायला बरणी घेऊन मीच येतोय.