कळी आल्यावर खुडलेला हरभरा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. आज उज्जैनला फ्रीगंजच्या बाजारात हरभऱ्याची कोवळी भाजी दिसली. घेतली, आणि निवडता निवडता तुमच्याशी भांडायला बसले.

शेतकी खात्यातली तुमची नोकरी, आणि क्वार्टरमागचा हरभऱ्याचा तुकडा. खुडायला तुम्हीच शिकवलंत. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात, दाण्याचे घाटे जास्त लागतात. पानांवरच्या आंबट ओलाव्याने, त्या आंबेने, माझी बोटं चुरचुरायची आणि तुम्ही हसायचात. "पण कळी दिसली की हात लावायचा नाही हं बेटा. मग रोप नुसता पाला वाढवतं."

पुढे नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि कुणाची बदली कुठे, याशिवाय घरात दुसरं बोलणं उरलं नाही. त्याच थंडीत, मॅट्रिकचा फॉर्म भरायच्या वेळी, तुम्ही माझं नाव शाळेतून काढलंत. वर्गात पहिली होते मी. आई काकुळतीला आली, तर तुम्ही सुपारी कातरत म्हणालात, "एक शेंडा खुडला तर बाकीच्यांना जोर येतो. हिच्या भावांना शिकू दे आधी. हिला कुठे कलेक्टरी करायची आहे?" मी दारातच उभी आहे. तुम्ही माझ्याकडे बघतही नाही.

आणि वर, दौऱ्यावर निघताना मलाच बजावलंत, "मोठे साहेब हरभरा बघायला येणार आहेत, माझं उज्जैनला राहणं त्यावर आहे, लक्ष ठेव." ठेवलं की! रोपं कळीवर आली होती. रोज सकाळी मी टोपली घेऊन बसायचे आणि एकूणएक शेंडा कळ्यांसकट खुडायचे. शेजारच्या काकू कुंपणावरून ओरडल्या, "अगं, पागल झाली का तू? फूल येऊन राहिलंय त्याला!" मी म्हटलं, "अण्णाच म्हणतात, खुडल्याने जोर येतो."

साहेब आले तेव्हा तुकडा हिरवागार होता, पण घाटा औषधालाही नव्हता. त्यांनी एक फांदी उलटीपालटी करून विचारलं, "ये चना है या चारा?" तुमची बदली पार बस्तरला झाली. सामान बांधताना तुम्ही विचारलंत, "का केलंस?" मी म्हटलं, "तुम्ही का केलंत?" तुम्ही मान खाली घातलीत. ती खाली गेलेली मान मी अजून चवीने आठवते. शाळा काही परत मिळाली नाही.

हे पत्र धाडायचं कुठे, आणि धाडता आलं असतं तरी धाडलं नसतं. कारण एक सांगायचं राहिलंच. साहेब यायच्या आदल्या दिवशी तुम्ही दौऱ्यावरून आलात, त्या संध्याकाळी त्याच शेंड्यांची भाजी मी तुम्हाला मक्याच्या भाकरीबरोबर वाढली होती, मुद्दाम. तुम्ही पुन्हा मागून घेतलीत आणि म्हणालात, "अशी तुझ्या आईलाही जमत नाही." आणि मला इतका आनंद झाला, अण्णा. तो तेवढा तुम्हाला कळू द्यायचा नाही.