कुलपतींना आडोशाला ओढल्याबद्दल

जळकोट,
शुक्रवार, ६ फेब्रुवारी २०२६

आदरणीय आनंदराज मामा,
सप्रेम जय भीम.

तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि नांदेडची थंडी आटोक्यात असतील अशी आशा. आधी एक दुरुस्ती. विद्यापीठाच्या सत्कारातून आजी जेवणाला उशीर झाला म्हणून रागानं निघून गेली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक आहे. मला रजिस्ट्रार उमाशंकर सरांनी तसं सांगितलं (मी तेव्हा मंडपामागे नारळ मोजत होते) आणि मी आजीला न विचारता लिहून टाकलं. त्यावरून तुम्ही आजीला, म्हणजे स्वतःच्या आईला, फोनवर नको ते बोललात. ती नीट जेवत नाहीये. शाळेआधी मला अक्षरं तुम्हीच घरी शिकवलीत, आणि चुकलं की पाटी पुसून सगळं पुन्हा लिहायला लावायचात. म्हणून हे पुन्हा लिहिते. फोन करत नाही, कारण आजी शेजारी बसून ऐकते.

घडलं ते असं. आमच्या तंत्र विद्यापीठाला पन्नास वर्षं होतायत आणि 'आपली मुळं खाणीत आहेत' हे वाक्य कुलपती किशनरावांना अलीकडे फार आवडू लागलंय. (एरवी 'खाण' शब्द चालत नाही, खड्ड्याला जलतरण तलाव म्हणावं, असं परिपत्रकच आहे. खाणकाम विभागाच्या प्रमुखांनी खाण कधी पाहिलेली नाही, पण त्यांना पोहता उत्तम येतं.) तर दगडखाणीतल्या जुन्या माणसांचा सत्कार ठरला, आणि वातावरण तयार व्हावं म्हणून सुरुंगाआधी वाजायचा तो जुना भोंगा वाजवायचं ठरलं. भोंगा वाजला. पहिल्या रांगेतले सगळे म्हातारे शाली टाकून पळाले. आजी एकटी पळाली नाही. तिनं शेजारी उभ्या कुलपतींची कॉलर धरली आणि त्यांना त्यांच्याच गाडीमागं ओढलं.

"खाली बस की मेल्या, डोस्कं फुटंल!"

किशनराव हसत म्हणाले, "आजीबाई, आता इथं फुटायला काही राहिलं नाही."

"तुझा बाप बी त्या दिशी ह्येच म्हनला व्हता," आजी म्हणाली आणि चालत घरी आली.

मामा, तुम्ही तेव्हा रांगत होता. आपल्याला नुसतं 'ग्यानोबा आजोबा खाणीत गेले' एवढंच माहीत. आता विचारल्यावर आजीनं भाकरी थापता थापता सांगितलं. सगळे सुरुंग उडाले, आता फुटायला काही राहिलं नाही, असं मालक म्हणाले, म्हणून आजोबा खाली उतरले. एक राहिला होता. मग सरकारी साहेब आले आणि म्हणाले, शिकलेल्या माणसाशिवाय सुरुंगाला कुणी हात लावायचा नाही, तोवर खाण बंद. खाण चालू व्हावी म्हणून मालकांनी पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग काढला. त्या वर्गाचं आयटीआय झालं, आयटीआयचं कॉलेज आणि कॉलेजचं विद्यापीठ. आजीला शेड झाडायचं काम मिळालं (याला 'पुनर्वसन' म्हणायचंय).

हा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचं काम माझ्याकडेच आहे, कारण तासिकेवरची प्राध्यापिका असल्या कामाला फुकट मिळते. मी वरचं सगळं लिहिलं. किशनरावांनी ते स्वतः तपासलं. 'ग्यानोबा' खोडून 'स्थानिक मनुष्यबळ' केलं, 'मरण पावले' खोडून 'योगदान दिले'. वर म्हणाले, "पोरी, इतिहास छान जमलाय, फक्त त्यातली माणसं कमी कर." आजीनं त्यांना गाडीमागं ओढल्याचा व्हिडिओ मात्र विद्यापीठाच्या पानावर 'हलकेफुलके क्षण' म्हणून अजून आहे. (उमाशंकर सरांनी त्यावर बदाम टाकलाय.)

मी रागावलेली नाही. वर्धापनदिनाला स्टेजवर हा इतिहास मलाच वाचायचाय, आणि माझी नोकरी जुलैत पुन्हा ठरते. तेव्हा त्यांनी दिलेलंच वाचीन, काळजी नसावी. तुम्ही फक्त आजीला फोन करून तिची समजूत काढा.

तुमची भाची,
धम्मप्रिया

ता. क. इथवरचं पत्र आजीनं माझ्याकडून वाचून घेतलं. म्हणाली, "वाच बाई त्यो म्हनतो तसं. मेलेलं मानूस काय उठून येतंय? तुझी नोकरी ऱ्हाऊ दे." मी हो म्हटलं. आता ती दळणाला गेलीय.

पुन्हा ता. क. तुमच्या ओळखीच्या क्लासवाल्यांना फिजिक्स शिकवायला कुणी हवंय का, तेवढं विचाराल? जुलैपर्यंत थांबता येणार नाही. आजोबांचं नाव आणि मालकांचं ते वाक्य मी माइकवरून वाचणार आहे, सोमवारी, १६ फेब्रुवारीला.