ग्रीक देवांबद्दल आठवी 'ब'चं मत

११ जानेवारी

ताईच्या पुस्तकावरचे अभिप्राय आले! आठवी 'ब'चे. सुतळीत बांधलेला गठ्ठा, वर मराठीच्या बाईंची चिठ्ठी — 'मुलांनी उत्स्फूर्तपणे लिहिले आहे.'

उत्स्फूर्तपणा असा. पहिला कागद : 'हे पुस्तक मला फार आवडले. यातून आपल्याला पुष्कळ बोध मिळतो. मला सर्वात जास्त (इथे गोष्टीचे नाव लिहा) ही गोष्ट आवडली.' दुसरा कागद तोच. तिसराही. कंसासकट! बाईंनी फळ्यावर नमुना काढून दिला असणार आणि वर्गाने तो इमानेइतबारे उतरवला. एकाने तेवढा कंस गाळलाय. 'मला सर्वात जास्त इथे गोष्टीचे नाव लिहा ही गोष्ट आवडली.' हा मुलगा पुढे आमच्या दैनिकात उपसंपादक होणार.

गठ्ठा कचेरीच्या खणात ठेवला. घरी आलो तर ताई दारातच.

"आले का रे अभिप्राय?"

"नाही अजून."

खोटं बोललो. बातमीदाराने खोटं छापू नये असा नियम आहे. बोलण्याबद्दल काही म्हटलेलं नाही.

१४ जानेवारी

डॉक्टरांकडे गेलो. ताईला बाहेर बायकोजवळ बसवलं. डॉक्टरांनी तिच्या डोक्याचे फोटो उजेडासमोर धरले — मला नुसते ढग दिसले. म्हणाले, "आधी अलीकडचं जाईल. मग त्यामागचं. लहानपण सगळ्यात शेवटी."

"साधारण कधी?"

"तुम्हा लोकांना तारीख लागते. आमच्याकडे ती नसते."

संस्कृतात आज घडलेल्याचं क्रियापद वेगळं आणि आजच्या आधी घडलेल्याचं वेगळं. ताईनेच शिकवलं, कान पिळून. आता तिच्याकडे पहिलं रूपच उरलेलं नाही. दुसरं अजून ठणठणीत — मला लहानपणी कुठल्या खुर्चीवरून पडून खोक पडली ते डॉक्टरांच्या दारात सगळ्यांना ऐकवत होती.

अडचण पुस्तकाची आहे. ताईने जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर ग्रीकांच्या पुराणकथा मुलांसाठी मराठीत सांगायला घेतल्या. का, तर म्हणाली, "आपले देव पाठ झाले, आता शेजारचे बघू." कितीतरी वर्षं खपली. पुस्तक निघालं ते गेल्या वर्षी. म्हणजे अलीकडचं. म्हणजे रांगेत पुढे.

माझं मागणं मोठं नाही. हे पुस्तक आपण लिहिलंय एवढं तिला कळतंय तोवर, एका तरी पोराने ते मनापासून वाचलंय असं तिच्या कानावर पडावं. बस.

१५ जानेवारी

"आले का रे?"

"नाही."

१९ जानेवारी

मुलांच्या पुरवणीच्या संपादक — आम्ही त्यांना पुरवणीबाई म्हणतो — यांच्याकडे गेलो. 'वाचकांचं मत' हे सदर त्यांचं. पुस्तक शाळांना पाठवायचं, मुलांचं मत मागवायचं, जसंच्या तसं छापायचं. माझं खातं कोर्टाच्या बातम्यांचं, त्यामुळे त्यांच्या टेबलाशी मी आरोपीसारखा उभा.

"अहो, आणखी दोन शाळांना पाठवलंय. पण एक विचारू? तुम्हीच का लिहीत नाही चार ओळी, कुणा मुलीच्या नावाने? कोणाला कळणार आहे!"

"ताईला कळेल," म्हटलं. माझी वाक्यं ती झोपेतसुद्धा तपासते.

त्यांनी ड्रॉवरमधून एक पत्र काढून दिलं. एका पालकाचं. 'या पुस्तकातील देव मुली पळवतात, बैल होतात, मत्सर करतात. यातून मुलांवर काय संस्कार होणार? लेखिकेने देव तरी नीट निवडायला हवे होते.'

देव निवडायला काय समिती बसवायची होती? आमच्याकडचे तरी कुठे हजेरी लावून सरळ वागत होते!

हेही खणात.

२६ जानेवारी

नवे आले. ह्या वेळी नमुना नाही, पोरांनी स्वतःच्या बुद्धीने लिहिलंय. देवा.

'नावे फार लांब आहेत.'

'पुस्तक जाड आहे पण झोपताना डोक्याखाली बरे.'

'गरुड रोज त्या माणसाचे यकृत खातो व ते रोज पुन्हा उगवते हे विज्ञानाला धरून आहे का? असल्यास आकृती हवी होती.'

'बायकोला पाताळातून आणताना मागे वळून बघू नको असे स्पष्ट सांगितले होते. तरी बघितले. अशा माणसाबद्दल मला काही वाटत नाही.'

'चित्रे कमी.' हे तर कितीतरी जणांचं.

यातलं काय ताईला वाचून दाखवू? चांगलं एक येऊ दे, मग त्याच्या आडून बाकीची सांगेन. कडू गोळी साखरेत देतात तशी.

आज तिने मला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना पहिल्यांदा विचारल्याचं तिला ठाऊक नव्हतं.

२ फेब्रुवारी

प्रकाशकांचा फोन. पुस्तकाच्या दुसऱ्या भागाचं "तूर्तास राहू द्या". तूर्तास हा शब्द मी कोर्टात इतका ऐकलाय की त्याचा अर्थ कोशात बघावा लागत नाही.

तसाही दुसरा भाग बराचसा ताईच्या डोक्यातच होता.

६ फेब्रुवारी

बायकोला खणाची गोष्ट सांगितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली.

"म्हणजे येऊन पडलेत? आणि तुम्ही रोज नाही म्हणताय?"

"वाईट आहेत गं."

"अहो, त्या बाईने आयुष्यभर पोरांचे पेपर तपासले. त्यांना पोरांची भीती घालता? भीती तुम्हाला वाटते, आणि दिवस त्यांचे चाललेत!"

तिचं बोलणं मला अपिलात कधी फिरवता आलेलं नाही. उद्या गठ्ठा घरी आणतो.

७ फेब्रुवारी

चुकलो. सपशेल चुकलो!

ताई आज चांगली होती. खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, चष्मा पुसून दिला. घसा साफ करून सुरुवात केली. 'इथे गोष्टीचे नाव लिहा' ला ती जी हसायला लागली — डोळ्यांत पाणी, ठसका, बायको पाणी घेऊन धावली. "परत वाच! तो कंस गाळलेला परत वाच!" यकृताच्या आकृतीला म्हणाली, "बरोबर आहे की रे. आकृती हवी होती." पालकाच्या पत्रावर : "ह्यांना म्हणावं, देवांनी ऐकलं असतं तर मीही सांगून पाहिलं असतं."

आणि मग एक कागद, जो मी खणात वरवर चाळून खाली ढकलला होता. वळणदार अक्षर, मुलीचं. 'प्रत्येक गोष्टीत चूक देवांची होते आणि शिक्षा माणसांना होते. मला वाटले मी नीट वाचले नाही म्हणून परत वाचले. तरी तसेच. लेखिकेला हे माहीत होते का?'

ताई हसायची थांबली.

"हिने वाचलंय," म्हणाली.

कागद माझ्या हातून घेऊन तिने स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाली, "हिला मी उत्तर लिहिणार. माझ्या हाताने. कागद आण."

आणला. तिने 'चि.' लिहिलं. पेन हातात धरून बसली. मी आणि बायको श्वाससुद्धा बेताने घेत होतो. "दमले रे," म्हणाली. "काय लिहायचं ते ठरलंय. उद्या लिहीन."

महिनाभर खण! माझ्यासारख्या शहाण्याच्या हाती कुणी दूध दिलं तर नासवूनच परत करीन.

८ फेब्रुवारी

"आले का रे अभिप्राय?" — ताई, सकाळी, दात घासताना.

'चि.' लिहिलेला कागद टेबलावरच होता. तो तिने उलटा करून त्यावर पाण्याचा पेला ठेवला.

९ फेब्रुवारी

"आले," म्हटलं. पुन्हा सगळे वाचले. पुन्हा त्याच ठिकाणी हसली, त्याच ठिकाणी ठसका. त्या मुलीच्या कागदापाशी पुन्हा थांबली. "हिने वाचलंय." पुन्हा म्हणाली, काय लिहायचं ते ठरलंय.

"काय ठरलंय, ताई? मला सांग, मी लिहून घेतो."

"तू? तुझं अक्षर बघून ती पोरगी पुस्तक वाचायची सोडेल."

१३ फेब्रुवारी

रोज वाचतो. आता सगळे पाठ झालेत, सुतळीसुद्धा सोडत नाही. असा श्रोता कुठल्या वक्त्याला मिळाला असेल — रोज तोच विनोद, रोज नवा! बायको स्वयंपाकघरातून माझ्या आधी शेवटचं वाक्य म्हणते.

उत्तर काय ठरलं होतं ते मात्र कळत नाही. रोज ठरतं. रोज जातं.

२० फेब्रुवारी

हसणं कमी झालं. यकृताच्या आकृतीला नुसती मान हलवली.

२४ फेब्रुवारी

आज तिने विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी घरात उगाच तिच्यासमोरून ये-जा करत होतो. चपला वाजवल्या. पेपर फडफडवला. कर्जदार सावकाराच्या नजरेस पडू नये म्हणून धडपडतो, मी उलट.

शेवटी बायको म्हणाली, "बसा खाली. नाही विचारणार त्या."

२८ फेब्रुवारी

मीच वाचायला बसलो. ताईने नीट ऐकून घेतलं. परक्याच्या घरी ऐकतात तसं, हात मांडीवर ठेवून.

"ही मुलं कशाबद्दल बोलतायत?"

"पुस्तकाबद्दल."

"अस्सं." जरा वेळाने — "हुशार आहेत." मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाली असावी. शिष्टाचार अलीकडचा नाही, तो टिकेल.

तिला सांगितलं, ताई, पुस्तक तुझं आहे. कपाटातून काढून मुखपृष्ठावरचं नाव दाखवलं. तिने नावावरून बोट फिरवलं, एकेक अक्षर, आणि म्हणाली, "ह्या नावाची एक माझ्या वर्गात होती."

पुस्तक तिच्या खुर्चीजवळ ठेवून उठलो. साक्षीदार स्वतःविरुद्धच साक्ष देत असेल तर उलटतपासणी घेण्यात अर्थ नसतो.

३ मार्च

पुरवणीत सदर छापून आलं. चांगलं अर्धं पान. त्या मुलीचं पत्र चौकटीत. पुरवणीबाईंनी खुशीने खास प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. "ताईंना दाखवा हं आज!"

हो म्हटलं. कोर्टात एक निकाल होता, तो चुकीचा लिहिला. दुरुस्ती छापावी लागणार.

४ मार्च

त्या मुलीला उत्तर लिहायला बसलो. 'लेखिकेला हे माहीत होते का?' — याला काय लिहायचं ते फक्त एका माणसाला माहीत होतं. बसलो, उठलो. बायको म्हणाली, "नुसतं हो म्हणून कळवा." पण ताईने 'हो' एवढंच लिहिलं नसतं. काहीतरी ठरलं होतं तिचं.

७ मार्च

पुस्तक खुर्चीजवळच राहिलं होतं. ताई ते वाचतेय. पानावरून बोट सरकत असतं. काय उरतं, काय नाही, देव जाणे. ग्रीक किंवा कुठलेही.

बायको म्हणते, वाचू द्या.

१२ मार्च

ताईने हाक मारून बसवून घेतलं. पुस्तक छातीशी धरलेलं. म्हणाली, "लिहून घे." घेतलं. जसंच्या तसं —

'लेखिकाबाईंना गोष्ट सांगता येते. देवांना त्या भीत नाहीत. माणसांना शिक्षा होते तिथे मात्र त्यांचा हात थरथरतो, आणि तो त्यांनी लपवला नाही. मला फार बरे वाटले.'

"खाली काय घालू, ताई? नाव?"

"नाव नको. वाचक म्हण. आणि हे आजच पाठव रे त्यांना. वाट बघत असतील बिचाऱ्या."